वाल आणि गोकर्ण: आधी पान बघा, मग मांडव घाला

औसा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहाराची परसबाग आहे. मागच्या कुंपणाला लागून वालाचा मांडव आहे आणि फाटकाच्या कमानीवर गोकर्ण चढवलेला आहे. दोन्ही शेंगवर्गातले वेल. दोन्ही काठीला विळखा घालत वर जातात, दोन्हींना निळसर-जांभळी फुलं येतात, शेंगा दोन्हींच्या चपट्या. त्यामुळं लेकरांना सोडायला आलेली एखादी आई किंवा आजी फाटकाकडं बोट करून विचारतेच, "बाई, ह्या येलाच्या शेंगा भाजीला चालत्यात का?" उत्तर असं: मांडवावरच्या चालतात, कमानीवरच्या नाही. पण प्रत्येक वेळी सांगायला बाई फाटकात उभ्या नसतात, म्हणून हे सगळं नीट लिहून काढते.

वेल ओळखायचा तो पानावरून. फुलाची वाट बघत बसू नका. जूनमध्ये लावलेल्या वालाला फूल दिसायला दसरा उजाडतो, आणि कुठलं रोप ठेवायचं, कुठलं उपटायचं, कुणाला भक्कम आधार द्यायचा हे तर जुलैतच ठरवावं लागतं. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला पाच-सहा तऱ्हेचे वेल आपोआप उगवतात. गोकर्णाच्या बिया आदल्या वर्षीच्या शेंगांतून उडालेल्या असतात, वालाचे दाणे मांडवाखाली सांडलेले असतात, आणि दोन-तीन रानवेल पाखरांनी किंवा वाऱ्यानं आणलेले असतात. त्यातून आपलं नेमकं रोप निवडता आलं पाहिजे.

पान कसं वाचायचं

वालाच्या एका देठाला तीन पानं. मधलं पान थोडं लांब देठावर, बाजूची दोन समोरासमोर आणि जरा तिरपी, म्हणजे त्यांची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त रुंद. पान मोठं, पुढं निमुळतं होत गेलेलं, पूर्ण वाढलं की लेकराच्या पंजाएवढं.

गोकर्णाच्या एका देठावर बहुधा पाच किंवा सात पानं. दोन-दोनच्या जोड्या आणि टोकाला एक सुटं. प्रत्येक पान लहान, लंबगोल, बोटाच्या दोन पेरांएवढं. वेलाची कांडीही वालापेक्षा पुष्कळ बारीक.

पहिलीच्या लेकरांना मी एवढंच शिकवते: "तीन असली तर ताटात, पाच असली तर पूजेत." त्यांना ते लगेच पाठ होतं. मोठ्यांनी मात्र त्यापुढचं लक्षात ठेवायला हवं. वालाचं रोप उगवतं तेव्हा पहिली दोन खरी पानं तीन-तीनची नसतात. ती एकेकटी, समोरासमोर, बुंध्याकडं रुंद आणि टोकाशी निमुळती असतात. तिपानी पान त्यानंतर येतं. तेव्हा उगवल्या उगवल्या फैसला करू नका, आठ-दहा दिवस जाऊ द्या.

रोप फारच लहान असेल आणि त्याची सुरुवातीची दोन दलं मधोमध खोल चिरलेली दिसली, तर तो मॉर्निंग ग्लोरीच्या घरातला वेल. त्याचं पुढचं पान एकच, बदामाच्या आकाराचं. गणेशवेलाचं पान तर इतकं बारीक कातरलेलं असतं की गोंधळ होतच नाही. हे दोन्ही फुलांसाठी ठेवायचे तर ठेवा, खाण्याशी त्यांचा संबंध नाही.

तीन पानांचा तिसरा वेल: खाजकुइली

आता ज्यासाठी हा लेख खरं तर लिहायला घेतला ते सांगते. "तीन पानं म्हणजे वाल" हा नियम एका ठिकाणी अडतो, आणि नेमक्या धोक्याच्या ठिकाणी. बांधावर, ओढ्याकाठी, जुन्या पडक्या भिंतीवर खाजकुइली वाढते. तिलाही तीनच पानं, तीही वालासारखीच रुंद आणि बाजूची दोन तिरपी. पान उलटं करून बघा. खालच्या बाजूला करडी-चंदेरी मऊ लव असेल तर हात मागं घ्या. फुलं आली की संशय उरत नाही: गडद जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात. वालाची फुलं उभ्या दांडीवर वर तोंड करून असतात.

खाजकुइलीची शेंग इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली आणि तांबूस-सोनेरी केसांनी मढलेली असते. ते केस सुटे असतात. हिवाळ्यात शेंग वाळली की वाऱ्यानंही उडतात, आणि कातडीला लागले की भयंकर खाज सुटते. डोळ्यात गेले तर आणखी वाईट. लेकराच्या अंगाला लागलेच तर चोळू देऊ नका, चोळल्यानं केस आणखी आत रुततात. चिकटपट्टी हलक्या हातानं लावून केस उचलून घ्या, मग वाहत्या पाण्यानं धुवा, कपडे बदला. शाळेच्या किंवा घराच्या कुंपणात हा वेल दिसला तर शेंगा धरायच्या आधी, पावसाळ्यातच मुळासकट काढून टाका.

दुसरी काळजी गुंजेची. तिचं पान वालासारखं दिसत नाही. चिंचेच्या पानासारख्या बारीक पानांच्या पुष्कळ जोड्या असतात, त्यामुळं गोंधळ झालाच तर गोकर्णाशी होतो. फरक असा की गोकर्णात टोकाला एक सुटं पान असतं आणि जोड्या दोन-तीनच. गुंजेत जोड्या दहाच्या आसपास किंवा त्याहून जास्त आणि टोकाला सुटं पान नाही. लाल बी आणि त्यावर काळा ठिपका, लेकरांना मोह पडतोच. त्या बीत अतिशय जहाल विष आहे. सोनार पूर्वी वजनाला वापरत म्हणून घरोघरी डब्यात गुंजा असायच्या, पण बी चावून फोडली आणि गिळली तर लेकराच्या जिवावर बेतू शकतं. असं झाल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि उरलेल्या बिया सोबत न्या. आमच्या आवारात मी गुंज ठेवत नाही. कितीही देखणी असली तरी शाळेत तिला जागा नाही.

फूल आणि शेंग

पानावरून निवडलेलं रोप बरोबर आहे ना, याची खात्री फूल आणि शेंग करून देतात.

वालाची दांडी पानांच्या बेचक्यातून वर निघते आणि तिच्यावर बरीच फुलं ओळीनं लागतात, पांढरी किंवा जांभळी. ती खालून वर उमलत जातात, त्यामुळं एकाच दांडीवर खाली कोवळ्या शेंगा आणि वर कळ्या असं दिसतं. गोकर्णाचं फूल एकेकटं, क्वचित जोडीनं, पानाच्या बगलेत येतं. ते वालाच्या फुलाच्या दुपटीहून मोठं, गडद निळं, मध्ये पांढरट-पिवळसर. पांढरा गोकर्णही असतो, दुहेरी पाकळ्यांचाही असतो. एक गंमत चौथीच्या वर्गाला मी दरवर्षी दाखवते. वाटाणा, वाल, हरभरा यांच्या फुलात मोठी पाकळी मागं उभी असते. गोकर्णाचं फूल उलटं असतं, मोठी पाकळी खाली. हातात दोन्ही फुलं शेजारी धरली की पोरं स्वतःच शोधून काढतात.

वालाची शेंग रुंद, थोडी वाकलेली, कडा खरबरीत, टोकाला चोच. तोडली की हाताला तो ओळखीचा उग्र वास लागतो. आत तीन ते सहा दाणे. गोकर्णाची शेंग सरळ, अरुंद, बोटाच्या निम्म्या रुंदीची, टोकाला सुईसारखी, आत सहा ते दहा बारीक बिया. गोकर्णाच्या बिया आणि मुळं रेचक आहेत. जुन्या औषधांत त्यांचा वापर त्यासाठीच सांगितलेला आहे. लेकरानं भाजी समजून शेंगा खाल्ल्या तर जुलाब-उलट्या ठरलेल्या. म्हणून दोन्ही वेल एकाच मांडवावर सोडू नका. एकमेकांत गुंतले की तोडणारा हात फरक करत नाही, आणि आमच्याकडं शेंगा तोडायला दुसरी-तिसरीची पोरं असतात.

जांभळ्या शेंगांचा वाल पाहून पुष्कळ जण तो शोभेचा समजतात. परदेशी बागांत तो खरोखर शोभेसाठीच लावतात, कारण त्याची कांडी, फुलं, शेंगा सगळंच जांभळं असतं. पण तो वालच आहे. कोवळ्या शेंगा शिजवून खायच्या. शिजल्या की जांभळा रंग जातो आणि शेंग हिरवी होते, त्याला भिऊ नका.

कोणता लावायचा

जागा आणि पाणी बघा. गोकर्णाला साधी जाळी, खिडकीचे गज, एखादी दोरी पुरते. त्याचं मूळ खोल जातं, उन्हाळ्यात पानं गाळून तो तग धरतो आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतो. कुंडीतही होतो. टँकरच्या गावात, भाड्याच्या घरात, अरुंद अंगणात गोकर्ण लावा.

वालाला जास्त जागा, भक्कम मांडव आणि ऑक्टोबरनंतर नियमित पाणी लागतं. त्या बदल्यात दिवाळीपासून माघापर्यंत घरची भाजी मिळते. जिथं मोरीचं किंवा हात धुण्याचं पाणी रोज वाहून जातं, तिथं वाल न लावणं मला पटत नाही. आमचा मांडव दुपारच्या जेवणाआधी लेकरं हात धुतात त्या पाण्यावर उभा आहे. नळाखाली उतार काढून पाणी आळ्यात सोडलंय. भांड्यांचं सोड्याचं किंवा डिटर्जंटचं पाणी मात्र त्यात येऊ देऊ नका.

दोन्हींना जागा असेल तर दोन्ही लावा, फक्त मध्ये चार-पाच पावलं अंतर ठेवा. भुंगे आणि मधमाश्या दोन्हीकडं येतात. दोघांच्याही मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात. वर्षाच्या शेवटी एखादं रोप काळजीनं खणून गाठ नखानं फोडून बघा. आतून गुलाबी निघाली म्हणजे ती काम करत होती.

वालाची लागवड

आपली काळी जमीन कसदार आहे, पण पाणी धरून ठेवते. सपाट वाफ्यात टाकलेलं वालाचं बी जूनच्या झडीत कुजतं. म्हणून गुडघ्याच्या निम्म्या उंचीचा वरंबा करा. वरंब्यावर एक-एक मीटरवर फूटभर खोल खड्डा, त्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर राख. मुरमाड जमीन असेल तर वरंब्याची गरज नाही, खत मात्र दुप्पट घाला.

मृगाचा चांगला पाऊस झाला आणि माती मुठीत धरली तर गोळा होऊन हलक्या दाबानं फुटतीय, अशा वाफशावर बी टोका. एका खड्ड्यात तीन दाणे, बोटाच्या एका पेराएवढे खोल. आठवड्याभरात उगवतात. दोन-तीन तिपानी पानं आली की सगळ्यात जोमदार रोप ठेवा, फार तर दोन, बाकीची काढा. काढायला जीव होत नाही हे मला माहीत आहे, पण तिन्ही ठेवली तर मांडवावर पानांची गर्दी होते आणि आतल्या फुलांना ऊन मिळत नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "बाई, येल मांडवभर पसरला, पर फूल नाही. काय टाकू?" काही टाकू नका. गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. जूनमध्ये आपल्याकडं दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. दिवस आखडायला लागला हे वेलाला कळतं आणि मगच तो कळ्या काढतो. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, तेव्हा आमच्या कमानीवरचा गोकर्ण निळाभोर असतो आणि मांडवावरचा वाल नुसता हिरवा. दरवर्षी असंच. या काळात कुणाच्या सांगण्यावरून युरिया टाकला तर पानं आणखी माजतात आणि फुलं आणखी लांबतात.

यावरून दोन गोष्टी ठरतात. गावरान वाल ऑगस्टच्या शेवटी लावला तरी फुलतो, पण वेल लहान राहतो आणि शेंगा कमी लागतात, म्हणून जून-जुलैच बरा. आणि जानेवारी-फेब्रुवारीत गावरान वाल लावू नका. दिवस वाढत जातो, पुढं ऊन चढतं, फुलं आलीच तर गळतात. उन्हाळ्याआधी शेंगा हव्या असतील तर दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेलं झुडुपी वाण घ्या. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचं अर्का जय तसं आहे. त्याला मांडवही लागत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले गौरी, दसरावाल, दीपालीवाल हे वालपापडीचे वाण बाजारात मिळतात. बी घेताना दुकानदाराला वेलीचं की झुडुपी हे स्पष्ट विचारा. नुसतं "घेवडा द्या" म्हटलं तर तो वेगळ्याच जातीचं पाकीट देईल, कारण राजम्याच्या कोवळ्या शेंगांनाही घेवडाच म्हणतात.

मांडव

मांडव वेल चढायच्या आधी उभा करा, नंतर नाही. वेल मोठा झाल्यावर खाली खड्डे घेतले तर मुळं तुटतात.

वालाचा मांडव दोन मीटर उंच असावा, म्हणजे खालून वाकल्याशिवाय फिरता येतं आणि शेंगा हाताला लागतात. चार कोपऱ्यांना बांबू किंवा जुने लोखंडी पाइप, दीड-दोन फूट गाडलेले. काळी जमीन पावसात सैल होते, म्हणून खड्ड्यात दगड ठेचून भरा. वर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेची चौकट आणि त्यावर फूट-फूट अंतरावर सुतळीचं किंवा तारेचं जाळं. रोपापासून वरपर्यंत चढायला तुराटी उभी करा. आपल्याकडं तुराट्यांना काय तोटा? पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, वापरू नका असं मी सांगेन, त्या आखूड आणि फांद्या-फांद्यांच्या असतात, वेल त्यातच अडकून बसतो. परतीच्या पावसात भिजलेल्या वेलाचं ओझं तिप्पट वाटतं आणि वारा सुटला की अख्खा मांडव कलतो, म्हणून कोपऱ्यांना तिरपे ताण द्या.

वेल हातानं वळवताना तो आपण होऊन ज्या दिशेनं विळखा घालतोय त्याच दिशेनं गुंडाळा. उलटा गुंडाळलात तर रात्रीतून सुटून लोंबतो. शेंडा मांडवावर पोचला की दोन बोटं खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात, आणि फुलांच्या दांड्या त्या फांद्यांवरच जास्त येतात.

पाऊस थांबला की बुंध्याभोवती सोयाबीनचं भुसकट हातभर पसरवा. लातूर-औशाकडं ते खळ्यावर पडून असतं. काळ्या जमिनीला हिवाळ्यात भेगा पडायला लागतात, त्या भुसकटानं थांबतात. कळ्या लागल्यापासून पाण्याचा ताण पडू देऊ नका. पाच-सहा दिवसांनी आळं भरून पाणी पुरतं. फुलं गळताहेत असं दिसलं की आधी बोट माती उकरून आत घाला. बहुतेक वेळा कारण तिथंच सापडतं.

गोकर्ण

गोकर्णाचं फारसं काही नाही. बीचं कवच कडक असतं, म्हणून पॉलिश पेपरवर हलकं घासा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. फुगलेल्या बिया लावा, न फुगलेल्या पुन्हा घासा. फूट-दीड फुटावर एक रोप. दोन महिन्यांत फुलायला लागतो आणि पाणी मिळत राहिलं तर वर्षभर थांबत नाही. शेंगा धरू दिल्या नाहीत तर फुलं जास्त येतात. मृगाच्या तोंडावर दोन फुटांवर छाटा.

फुलं श्रावणात महादेवाला जातात. आमच्या भागातून परळी वैजनाथाला जाणाऱ्या बायका सकाळी फाटकावर थांबून मागून नेतात. उरलेली मी विज्ञानाच्या तासाला वापरते. चार-पाच फुलं गरम पाण्यात टाका, पाणी निळं होतं. एका वाटीत लिंबू पिळा, ते जांभळं-गुलाबी होतं. दुसऱ्या वाटीत खाण्याचा सोडा टाका, ते हिरवट व्हायला लागतं. आम्ल आणि आम्लारी शिकवायला याहून चांगला दर्शक मला मिळालेला नाही, आणि तो फुकट आहे. मलेशियात या फुलांनी भात निळा करतात, थायलंडमध्ये सरबत करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२१ मध्ये याच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. तरीही शाळेत प्रयोगातलं पाणी मी लेकरांना पिऊ देत नाही. पाकळीचं ठीक असलं तरी त्यांच्या डोक्यात "गोकर्ण खातात" एवढंच राहील आणि उद्या ती शेंग तोंडात घालतील.

कीड

वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा थंडीत हमखास येतो. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं झोडपा, किंवा तो शेंडाच खुडून टाका. जास्त झाला तर निंबोळी अर्क. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून चमचाभर साबणाचं पाणी मिसळायचं आणि संध्याकाळी फवारायचं. उन्हाळ्यात पडलेल्या निंबोळ्या आमची पोरं वेचून वाळवून ठेवतात.

शेंगेत अळी असेल तर बारीक छिद्र आणि त्याच्या तोंडाशी विष्ठा दिसते. अशा शेंगा तोडून शेळीला घाला, मांडवाखाली टाकू नका. दर चार-पाच दिवसांनी खायला तोडायच्या शेंगांवर रासायनिक औषध मारू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. ते उतरायला जेवढे दिवस लागतात तेवढे आपण थांबत नाही. गोकर्णाला उन्हाळ्यात पानांमागं लाल कोळी येतो. पानं उलटी धरून पाणी मारलं की भागतं.

तोडणी आणि चूल

दाण्याचा उठाव शेंगेवर नुकता दिसायला लागला की तोडा. वाकवली की मोडली पाहिजे. लवकर तोडत राहाल तर दांडीवर पुन्हा कळ्या येतात. चार शेंगा जून होऊ दिल्या की वेल सुस्तावतो.

शाळेत स्वयंपाक करणाऱ्या आमच्या मावशी शेंगेच्या दोन्ही कडांच्या शिरा ओढून काढतात, हातानंच मोडतात, सुरीला लावत नाहीत. मोडताना शेंग उघडून आत अळी आहे का ते दिसतं, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. फोडणीत लसूण, मग शेंगा, झाकण ठेवून वाफेवर शिजवायच्या, शेवटी येसूर (भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ) आणि शेंगदाण्याचा कूट. येळवशीला तर वालाशिवाय भज्जी होत नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला वाल, तुरीचे आणि हरभऱ्याचे कोवळे दाणे, वाटाणा, गाजर, मेथी, चुका, बोरं असं शिवारातलं सगळं एका पातेल्यात येतं, वर आंबिल. त्या दिवशी मांडवावर शेंगा भरपूर हव्या असतील तर त्याआधी आठवडाभर तोडणी थांबवा.

वाळलेल्या दाण्यांबाबत जपा. कच्च्या वाळक्या वालात पोटात सायनाइड तयार करणारी आणि पचन अडवणारी द्रव्यं असतात, गडद रंगाच्या दाण्यांत जास्त. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात झाकण न ठेवता चांगले उकळा, कडू लागले तर तेही पाणी फेकून पुन्हा शिजवा. बोटानं दाबला की दाणा पूर्ण मऊ व्हायला हवा. लेकरं खिशातले कच्चे दाणे चघळत असतील तर काढून घ्या.

बी धरताना

सगळ्यात निरोगी, सगळ्यात आधी शेंगा लागलेला एक वेल बियाण्यासाठी राखा आणि त्यावर लाल चिंधी बांधा, म्हणजे कुणी तोडणार नाही. शेंगा वेलावरच पिवळ्या, कडक होऊ द्या, मग काढून चार ऊन दाखवा. गोकर्णाची शेंग मात्र पूर्ण वाळायच्या आत, तपकिरी होताच काढा. उशीर केला तर ती तडकन पीळ घेऊन फुटते आणि बिया आवारभर उडतात.

वालाच्या दाण्याच्या कडेला लांब पांढरी रेघ उठून दिसते, दाणा पांढरा असो, तांबडा असो की काळा. गोकर्णाची बी त्याच्या निम्मी, काळपट, ठिपकेदार, अशी उठावदार रेघ नसलेली. सारख्याच डब्यात ठेवली तर पुढच्या जूनमध्ये कुणीतरी हाताला येईल ते टोकतं. म्हणून डबे वेगळे, एक स्वयंपाकघराच्या फळीवर, दुसरा ऑफिसच्या कपाटात. वालाच्या डब्यात भुंगेरा लागतो, त्यात चाळलेली राख दाण्यांवर पांघरूण होईल इतकी घाला आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवा. डब्यावर नाव, वर्ष आणि फुलाचा रंग लिहा. शेवटच्या तोडणीनंतर वालाचा वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आणि त्यांवरच्या गाठी तिथंच कुजू द्या, आणि त्या वरंब्यावर पुढं मेथी किंवा पालक टाका.